अडीच

मुंगी चावल्यासारखं होईल, मी म्हणाले.
एकवीस वर्षं हेच म्हणतेय.
त्यानं विचारलं, काळी का लाल?
आणि माझ्याकडं मुंगीच उरली नाही.

लोकेश भोई, वय सहा, हर्निया.
उद्या सकाळी नऊ, उपाशीपोटी.
आई नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठं खुडते.
ती वॉर्डात शिरली
की खिडकीजवळच्या आजी शिंकतात.

दुखी का?

नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि त्याच्या आईकडं बघितलं. ती पंख्याकडं बघत होती.
घरून निघताना तिनं सांगितलं होतं,
मामाकडं जातोय.
एक खोटं आधीच त्याच्या पिशवीत होतं,
नव्या चपलांच्या शेजारी.

मग स्टूल ओढून बसले.
मिरचीचा हात डोळ्याला लागला तर किती?
त्यानं दहाही बोटं दाखवली,
जरा थांबून पायाचीही.
गुडघा फुटला तर?
पाच.
काटा?
बाभळीचा तीन. बोरीचा चार,
बोरीना काटा वाकडा ऱ्हास, काढताना जास्त.
मग सुई अडीच, मी म्हणाले.
अडीच म्हणजे तिसरं बोट अर्धं मुडपलेलं.
त्यानं मुडपून पाहिलं. बराच वेळ.
रडू आलं तर रड, म्हटलं,
हात तेवढा हलवू नकोस.

मास्क मात्र पटेना.
नाकाशी नेला की ओठ मिटलेले,
गाल फुगलेले, डोळे माझ्यावर.
डॉक्टर वसावे म्हणाले, मोठा श्वास घे बेटा.
बेटा काही घेईना.
मला उशिरा कळलं:
चालता यायला लागल्यापासून त्याला एकच शिकवलंय,
वारं फिरलं की नाक दाब, श्वास धरून ठेव.
पथारीवरच्या पोराचं पहिलं शहाणपण
आम्ही केसपेपरवर
हट्टी म्हणून लिहिणार होतो.

म्हणून संध्याकाळी एक जुना मास्क धुऊन वॉर्डात आणला.
आधी मी हुंगला, मग त्याच्या आईनं,
मग आजींनी. रबरना वास येस, त्या म्हणाल्या.
शेवटी डॉक्टरांनी, चष्म्यासकट.
कुणी शिंकलं नाही.
तो एकेकाचं नाक तपासत होता,
बाजार समितीत माल तपासावा तसा.
यामा मिरची नही शे,
त्यानं निकाल दिला, आम्हालाच समजावत.

रात्री दोनच्या राउंडला गेले तर
मास्क गुडघ्यावर लावून झोपला होता.
का, ते विचारायचं राहूनच गेलं.

सकाळी थिएटरच्या दारातल्या लाल पट्ट्याशी आई थांबली.
रोज लालात चालणारी बाई,
हा चार बोटांचा पट्टा तिला ओलांडता येत नव्हता.
तिथंच वाकून म्हणाली,
मामाकडं नाही रे राजा, मी खोटं...
माले माहित शे, तो म्हणाला,
मामाकडे मास्क नही ऱ्हास.

सुई टोचली तेव्हा रडला. मोठ्यानं रडला.
हात हलवला नाही.
मग मास्क. पोट वर गेलं, खाली आलं,
पुन्हा वर,
आणि मुठीतली बोटं एकेक करून उलगडली.

दुपारी जाग आली.
पाणी मागितलं नाही, मायलाही हाक मारली नाही.
सलाईन नसलेला हात वर केला.
तीन बोटं. तिसरं ताठ.
अडीच नही व्हती.

चुकलं माझं, मी म्हणाले.
त्यानं जरा विचार केला
आणि चालेल अशी मान हलवली.

बुधवारी तळोद्याची एक मुलगी आली, टॉन्सिल्सची.
तिनंही तेच विचारलं.
मी तीन बोटं वर केली, मिरचीपासून सांगू लागले.
तिचे वडील एसटीत कंडक्टर.
मिरचीचा हात डोळ्याला कधी लागलाच नव्हता.

स्टूल पुन्हा ओढलं.
बरं, मग तू सांग,
आजवर सगळ्यात जास्त कशानं दुखलं?