खंड

अर्जात एक रकाना होता :
सेवेत खंड पडल्याचे कारण.
रकाना दीड इंचाचा.
एकोणीस वर्षं त्यात बसवायची
तर अक्षर फारच बारीक काढावं लागलं असतं.
मी लिहिलं : घरगुती.

सासूबाईंच्या पाठीचे व्रण
दोन वर्षं रोज धुतले, कूस बदलली,
त्याचा अनुभवाचा दाखला
कुठल्या टेबलावर मिळतो, कुणाला ठाऊक.

आता उदगीरच्या दवाखान्यात करार, अकरा महिन्यांचा.
नळेगावहून संध्याकाळची एसटी,
डब्यात भाकरी, पर्समध्ये वाचायचा चष्मा,
आणि छातीशी टाचलेलं ते जुनंच उलटं घड्याळ.
सेल तेवढा नवा.

पहिल्याच रात्री सात नंबरच्या कॉटवरून हाक :
मावशी, पॉट आणा की.
आणला.
मावशी, चादर.
तीही.
पांढरा कोट आणि पांढरे केस
एकाच बाईवर असले
की माणसं केसच आधी वाचतात.

निकहत सिस्टर चोवीस वर्षांची.
कॉम्प्युटरवर पेशंटचं नाव कुठं टाकायचं
ते तिनं तीनदा दाखवलं.
चौथ्यांदा विचारायला
मी तिचा चहा संपायची वाट बघितली.

मग तांड्यावरची ती आजी आली,
जुलाबानं पार सुकलेली.
निकहतनं तीन ठिकाणी टोचून पाहिलं,
शीर लागेना.
तिच्या कपाळावर घाम, आजीच्या डोळ्यांत
‘पोरी, राहू दे आता.’
मी चष्मा काढून ठेवला.
भाकरी कुठं जाड राहिली
ते डोळ्यांना नाही कळत, बोटांना कळतं.
मनगटापासून वर चाचपत गेले,
हिरव्या गोंदणाच्या चौथ्या ठिपक्याखाली
काहीतरी हललं,
दोऱ्याएवढं.
तिथंच.

नळीत लाल थेंब चढला.
‘काकू, कशी घावली हो?’
मला सांगता येईना.
आजी म्हणाली, मावशीचा हात हलका हाय.
मी काही दुरुस्त केलं नाही.

घड्याळ उचलून थेंब मोजायला लागले,
सतरा, अठरा,
तेवढ्यात घरून फोन :
तुरीच्या डाळीला शिट्ट्या किती?
पलीकडे कुकर, मागे लेकाचं हसू,
आणि यांचा आवाज
पहिल्यांदा गाडी शिकणाऱ्या माणसासारखा.
चार, म्हटलं.
आणि एकपासून पुन्हा
मोजायला लागले.