सहा किलोमीटरच्या आत

काठावरच्या पाटीवर सहाचा आकडा.
त्याहून जोरात गेलं की माती ढासळते,
पाणकोंबड्यांची घरटी बुडतात.
तसाही आम्हाला जोर परवडणार नव्हता:
बोटीत मधमाश्यांच्या अकरा पेट्या, एकावर एक,
तोंडांना जाळी ठोकलेली,
आणि स्नीकच्या पलीकडे लिंडनचा मोहोर
दोन दिवसांचा उरलेला.

वेगात ही बोट शहाणी असते.
पाणी तिला दोन्ही कुशींना धरून नेतं.
हळू घेतली की तिचं नाक हुंगत सुटतं,
आधी डावीकडे, लव्हाळ्यात काय हललं बघायला,
मग मी ओढली की उजवीकडे,
कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरींपर्यंत.
मी दांडा ढकलायचे, ती उशिरा ऐकायची,
आणि ऐकलं की जास्तच ऐकायची.
मागे वळून पाहिलं तर आमची रेघ
बैल चालता चालता मुतावा तशी.

वीब्रेन पेट्यांना कान लावून बसलेला.
गेल्या हिवाळ्यापासून त्याचे हात थरथरतात,
म्हणून दांडा माझ्याकडे. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.
"इंजिन एक," तो म्हणाला, "पंखा एकाच अंगाला फिरतो,
म्हणून शेपूटही एकाच अंगाला सरकते.
तिचा दोष नाही तो. तेवढं धरून चाल."

मग मागच्या दोन पेट्या आम्ही पुढे नेल्या,
इंजिन एक खाच खाली उतरवलं,
बादलीला दोर बांधून ती मागे सोडली.
गपकन भरली, दोर ताणला,
अर्धी वळणं तिथेच गेली.
उरलेली माझ्या मनगटात होती.

"पाण्याकडे बघू नकोस. ती लांबची पवनचक्की बघ.
नाक हललं की तीन मोज.
मग दांडा बोटभर. आणि ती वळायच्या आत
दांडा परत मध्ये."
एक, दोन.
माझा हात दोनावरच धावायचा.
तीन इतकं लांब असतं हे मला माहीत नव्हतं.
तिथवर थांबले तर बहुतेकदा
ती आपणहून परत आलेली असायची.

ऊन चढलं. पेट्या तापल्या.
जाळीमागचा आवाज सकाळी झोपेतला होता,
आता मधली सुट्टी व्हायला आलेल्या वर्गासारखा.
वीब्रेनने वर ओलं गोणपाट टाकलं.
समोर उचलपूल करकरत उभा राहिला.

फट अरुंद. दोन्हीकडे डांबर फासलेले खांब.
वर सीत्स्के, हातात गळाची काठी,
दोरीच्या टोकाला लाकडी बूट,
झुलत खाली येतोय, टोल मागत.
दोन युरो माझ्या डाव्या मुठीत,
बूट नेमका उजव्या अंगाला.
वीब्रेनकडे पाहिलं.
त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले होते.
नाणं मी उजव्या हातात घेतलं.
म्हणजे दांडा सोडला.

खांब हातभर अंतरावर. एक.
नाणं बुटाच्या टाचेला लागून पाण्यात. दोन.
"परत येताना चार द्या!" सीत्स्के वरून हसली.
पुलाची सावली डोक्यावरून गेली,
पाठोपाठ बादली खांबाला आपटून
ठण्ण करून आली.
तीन म्हणायचं मी विसरूनच गेले.

लिंडनखाली जाळ्या काढल्या तेव्हा दुपार होती.
मला वाटलं, सरळ मोहोरावर तुटून पडतील.
पहिली बाहेर आली, उलटी वळली,
तोंड पेटीकडे करून हवेत झुलायला लागली,
जरा डावीकडे, जरा उजवीकडे,
पुन्हा डावीकडे.

"नवी जागा आहे," वीब्रेन म्हणाला,
"आधी घर नीट बघून घेते."
आणि गुडघ्यांवर उघडे ठेवलेले त्याचे हात
त्याने तसेच हलू दिले.