नाना पेठेत ७३९३९१३३

पेणकर बाई रास्ता पेठेतून चालत आल्या,
पिशवीत चार पानांचा मजकूर.
दोनशे प्रती, कागद पिवळा चालेल.
निवृत्तीच्या दिवशी शाळेत वाटायच्या होत्या,
पेढ्यांऐवजी.

पहिल्याच पानावर ती:
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
स्वल्पविराम कुठे देऊ, विचारलं.
कुठेही द्या, म्हणाल्या, तिला काही होत नाही.

चार तीन लागत होते. तीनच्या खणात तीनच.
चौथा लग्नपत्रिकेतून उसना घेतला;
२३ मेचं कुणाचं तरी लग्न
तासभर २ मेला जाऊन बसलं.

तरी शेवटचा आकडा ओळीत मावेना.
खाली ढकलू का, बाई?
बाई हसल्या.
ढकला की. वर उरेल तीही अविभाज्यच.
अजून एक ढकला, तीसुद्धा.
सोलत सोलत सातपर्यंत या,
कुठेच भाग जायचा नाही.
पण डावीकडून हात लावू नका हं.

आता आमचं डावं-उजवं म्हणजे,
शिशातले आकडे आरशातले,
पहिला सात माझ्या उजव्या हाताला.
फर्मा आवळताना नेमका तोच निखळला,
ट्रेडलखाली गेला. मला पत्ताच नाही.

प्रूफ बाईंनी चष्म्याशिवाय धरलं, हातभर लांब.
ओठ हलले. तीनातून नऊ, मिळवा तीन, पुन्हा नऊ वजा…
"ताकवले, ही अकराने जाते.
माझी नाही ही."

ऱ्हस्वदीर्घावरून भांडणारे खूप पाहिले.
एक गुरुजी तर अनुस्वार मोजून पैसे कापायचे.
पण भागाकार करून खिळा शोधणारी
ही पहिलीच.

आणि शेवटचा तीन पडला असता तर?
बाई क्षणभर गप्प.
"तर मीही फसले असते हो."

मग वही काढली. चौकटीची, कडा तेलकट.
दोनने, तीनने, पाचने, सातने… पानंच्या पानं,
मध्ये कुठे दुधाचा हिशोब,
कुठे भावाच्या विमानाची वेळ, हैफाला गेला तेव्हाची.
शेवटचा भागाकार ८५९७ ने:
आले ८६००, बाकी ४९३३.
खाली दोन रेघा.
पुढच्याचा वर्गच हिच्याहून मोठा, म्हणाल्या,
म्हणून थांबले. नाहीतर सवय लागली होती.

एक शब्द त्यांनी खोडला, 'अत्यंत' होता बहुतेक,
आणि ओळ सैल झाली.
तीनच्या पुढे एका खिळ्याची जागा.
मी म्हटलं, लावू एखादा?
सम नको. शून्य नको. पाच नको.
एक लावा, सात लावा, तीनाने भाग जातो.
तीन आणि नऊ?
"त्या दोघांनी माझा अख्खा हिवाळा खाल्ला.
नाही बसत."

तिथे आता क्लच प्लेटा मिळतात.
सात अजून फरशीखाली असेल, दुसरा घातला होता मी.
आणि त्या रिकाम्या जागी
एक कोरा क्वाड ठोकला,
छपाईत न उठणारा.