सतरा नंबर

फतेगंजच्या मागे, तळघरात, ती पेटी:
फ्रिजएवढी, आतून काळी कुळकुळीत.
दार लावलं की उजेड म्हणून काही उरत नाही,
फक्त कॅमेरा, उणे ऐंशीला गारठून
डोळा लावून बसलेला.

सतरा नंबर. बिनकेसांची, सुरकुतलेली,
भिजवून सोललेल्या शेंगदाण्यासारखी.
नाकाला भुलीची नळी, पोटाखाली ऊब,
डोळ्यांना मलम.
भुलीत पापण्या मिटत नाहीत त्यांच्या.
मलम लावताना मी दरवेळी श्वास धरते.

रंग काल शेपटीतून सोडला.
एव्हाना जिथं जायचा तिथं गेला असेल.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचीच पोटं पेटली होती.
मी जिन्यावरून धावत वर: पसरलं, सगळीकडे पसरलं!
खासगीवाले बाईंनी चष्मा पुसला.
"खायला काय घालता?"
लसूणघास. वाळवून, दाण्यात दळलेला.
पान खुडलं गेलं, सुकलं, चावलं गेलं,
आणि आतड्यांच्या अंधारात
अजून त्याचा हिरवेपणा जळत होता,
लाल होऊन.
जशुभाई पढियार पिंजरे धुता धुता हसला,
"रजको छे, बेन. रोग नथी."
तेव्हापासून हे पांढुरकं खाणं,
ज्याला शेत म्हणून आठवत नाही.

आज आठवं नोरतं.
भिंतीतून ढोल येतो, शब्द बाहेरच गाळून.
जशुभाईच्या घरी गरबो मांडलाय,
भोकाभोकांचं मडकं, आत दिवा.
त्याला निघायचंय. माझं आटपत नाही.

दहा सेकंद.
पडद्यावर आधी राखाडी देह, मग
डाव्या काखेखाली
मोहरीएवढं.

मंगळवारी वाटाण्याएवढं होतं.

आकडा लिहिते. खोडते. तोच पुन्हा लिहिते.
औषध लागलं? की रंगच कमी पोचला?
की ती जराशी कलून निजली
आणि दोन मिलिमीटर मांसात उजेड अडकला?
कातडी खोटं बोलत नाही,
पण सगळं सांगतही नाही.

नळी काढली. ती शिंकली,
लडखडली, मग माझ्या हातमोज्यावर बसून
दोन्ही हातांनी तोंड पुसू लागली.
शुक्रवारी हिची तारीख. वहीत आधीपासून आहे.

जशुभाई खिशातून प्रसादाचा एक फुटाणा काढतो,
तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे.
"चमकशे?"
चमकेल, मी म्हणते.

फुटाणा तो स्वतःच्याच तोंडात टाकतो.