एक किलोचं मांजर

कॅम्पातल्या मासळी बाजारात
रेझीनाबाईच्या तराजूत एका पारड्यात बांगडे
आणि दुसऱ्यात मांजर.
निजलेलं, शेपूट नाकापाशी आणलेलं.
मी शुक् शुक् केलं. हललं नाही.
'लोखंडाचं हाय की, सायब,' बाई म्हणाली,
'एक किलो.'

सव्वीस वर्षं मी वजनमापं खात्यात.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच पाहिलीय,
पोखरलेली वजनं पाहिलीत,
किलोच्या कातडीत आठशे ग्रॅमचा जीव पाहिलाय.
मांजर पाहिलं नव्हतं.

मखमली पेटीतून सरकारी किलो काढला,
फडक्यानं धरून ठेवला.
इकडं सरकार, तिकडं मांजर.
काटा थोडा डुलला
आणि मधोमध उभा राहिला,
शाळेत साहेब आल्यावर पोरं राहतात तसा.

उलटं करून बघितलं. पोटाखाली शिशाचा ठिपका,
असावा तिथंच. ठिपक्यावर शिक्का नाही.
नियमांच्या पुस्तकात आकार ठरलेले आहेत, चित्रांसकट.
मिशा कुठल्याच चित्राला नाहीत.

उद्यमबागेत शोधत गेलो.
नागोजी हुंदरे, फौंड्रीत मोल्डर,
भुवयांवर काळी वाळू.
'पंपाची बॉडी ओतूलालोय बावीस वर्सं.
हितं वाळूच्या ढिगात एक मांजर निजतंय.
उठून जातंय, खड्डा ऱ्हातोय.
एकदा सांजच्याला पळीत थोडा रस उरला.
ओतला.'
आणि किलो?
'पयला जास्त भरलं. कान लई मोठं आल्तं.
तीन दिस जेवणाच्या सुट्टीत कानच घासलं.
मग कमी भरलं. मग शिसं.'
पण कशासाठी?
तो भट्टीकडं बघत राहिला.
'रेझीनाबाईचं वजन चोरीला गेल्तं,' एवढंच म्हणाला,
आणि बऱ्याच वेळानं,
'बांगड्यापाशी मांजर बरं दिसतंय.'

परत बाजारात. पावती लिहायला घेतली.
जप्तीचं कारण, या रकान्यात पेन अडकलं.
खोट तर नव्हती. शेवटी 'आकार' असं लिहिलं,
आणि माझंच अक्षर मला लाजल्यासारखं वाटलं.
बाई भांडली नाही.
मांजर वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, वर एक बांगडा.
मी हात मागं घेतला.
'तुमाला न्हवं,' ती म्हणाली. 'त्येला.'

निपाणीची संध्याकाळची बस. काकती मागं पडली.
हत्तरगीच्या अलीकडं झुडपात
जुन्या रस्त्याचा एक मैलाचा दगड आहे.
त्यावर अक्षरं, अक्षरांवर डांबर,
डांबरावर पांढरा, पुन्हा अक्षरं,
कधी या लिपीतली, कधी त्या,
नुसत्या रंगानंच दगड बोटभर फुगलाय.
आज त्यावर एक मिरची.
लालभडक, टोक संकेश्वरकडं.
नाव नाही, आकडा नाही, वाट मात्र कुणाचीही चुकू नये.
कुणी काढली?
की ती कधीपासून तिथंच होती
आणि मी आपला दर वेळी
दगडावरचे किलोमीटर तपासत होतो?

मांडीवरचं पुडकं जड. वास सुटलेला.
शेजारच्यानं जागा बदलली.
कंडक्टर आला, कागद बाजूला केला.
'इदेन्री?'
'बेक्कु,' मी म्हणालो.
'तूक एष्टु?'
सव्वीस वर्षांत इतक्या खात्रीनं
कुणाला काही सांगितलं नव्हतं:
'ओंदु किलो. बरोब्बर.'

त्यानं पाठीवरून हात फिरवला,
घासलेल्या कानांपाशी जरा थांबला,
आणि मशीनमधून अर्धं तिकीट फाडलं.
लहान मुलाचं.

खिडकीची जागा मी त्याला दिली.