म्हणे

सतरा तारखेला निबंध द्यायचा आहे.
दोन हजार शब्द, किमान आठ संदर्भ.
मोंतेविदेओत जूनची थंडी, नदीवरून वारा,
वाचनालयाच्या खिडकीची फट
कुणीतरी जुन्या वर्तमानपत्राने बुजवलेली.

नाहियाराला एक वाक्य सगळीकडे भेटतं:
'लोकर धुण्याच्या कारखान्यात बायका गात नसत.'
गुळगुळीत, पाण्यातल्या गोट्यासारखं.
तज्ज्ञांनी तपासलेला २०१४चा लेख
बोट दाखवतो १९९६च्या पुस्तकाकडे,
पुस्तक १९७८च्या परिषदेतल्या निबंधाकडे,
निबंध एका अहवालाकडे, साल १९६१,
पान ४३.
पुस्तकात मात्र पान ३४.
पुस्तकानंतरच्या पाचही जणांचं ३४.

तिथे ती थांबते.
चूकसुद्धा वारशाने मिळते तर.
पाच जणांनी ते पान उद्धृत केलं,
उघडलं एकानेही नाही.

तीन आठवडे तिने गावाला वळसा घातला,
परदेशी विद्यापीठांची दारं ठोठावली, पासवर्ड मागितले.
अहवाल दोन मजले खाली होता.
दोन्या एल्बिया किल्ली शोधतात,
काखेतला थर्मास खाली न ठेवता.

टंकलिखित पान, 'र' सगळीकडे अर्धवट उमटलेला.
'मुकादम सांगतो, इथल्या बायका
कामाच्या वेळी गात नाहीत.'
आणि खाली, पेन्सिलीने:
बायकांशी बोलता आलं नाही. यंत्रांचा आवाज फार.

आपल्या भाषेत अशा वाक्याला शेपूट असतं:
गात नाहीत, म्हणे.
ते एवढंसं 'म्हणे'
अठ्ठ्याहत्तर साली कुठेतरी गळून पडलं.
टाइपिस्टच्या हातून, की जागा पुरेना म्हणून,
की मुकादम हा काही संदर्भ नव्हे म्हणून.
उरलं ते संशोधन.

नाहियारा वाक्य खोडत नाही.
मुकादमाला परत त्याच्या जागी उभा करते,
पेन्सिलीची ओळ तळटीपेत घेते.
शब्द वाढतात. मग स्वतःचा समारोप कापते,
त्यातलं ते 'स्त्रियांचं मौन',
जे तिला फार आवडलं होतं.

निबंध परत येतो चोवीस तारखेला.
गुण बरे आहेत.
तळटीप नऊच्या शेजारी लाल शाईत:
'पान क्रमांक तपासा.
बाकी सगळे ३४ म्हणतात.'