प्रश्न अठरावा

जामनेर रोडच्या मागच्या गल्लीत
लोटू झोपे, रिटायर पॉइंट्समन.
साखर तेवीस वर्षांची,
लेझर दोन्ही डोळ्यांना.

पेपर वाचताना त्रास होतो?
अजिबात नाही, थोडा, मध्यम, खूप, वाचणं सोडलं.
‘सोडलं नही. नात वाचते,
मी चष्मा लावून आयकतो.’
हे कुठल्या चौकटीत बसवू?

रस्त्यापलीकडचा माणूस ओळखू येतो?
‘परवा लाईटच्या खांबाले रामराम घातला.
त्यानं हू की चू केलं नही, तवा कयालं.’
मी ‘खूप’वर खूण करते.

पायऱ्या उतरताना?
‘मोजून.’
ताटातलं दिसतं?
‘भरीत वासानं सापडते, ताई.
मिरचीचं देठ दाताखाली गेल्यावर.’

आत भांडं जरा जोरात आपटतं.
‘इन्सुलीन तीच भरते,’ ते आवाज उतरवतात,
‘सिरिंजवरच्या रेघा मले दिसत नही.
हे नका लिहू.
तिले वाटते, मी सुईले भेतो.’

छत्तीस वर्षं रेल्वेने त्यांचे डोळे तपासले:
लाल. हिरवा. पास.

प्रश्न अठरावा. एकूण आयुष्य कसं वाटतं,
शून्य ते दहा?
ते बोलत नाहीत.
यार्डाकडून मालगाडी निघते,
भिंतीवरचं कॅलेंडर थरथरतं,
त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून
सरकतो, परत येतो, सरकतो.
गाडी संपेपर्यंत मीही थांबते.

‘अठ्ठावन्न,’ ते म्हणतात,
‘आणि ब्रेकव्हॅन.’

मी पेन्सिल कानामागे ठेवते
आणि पाणी मागते.